युक्रेनियन लोक मुळात रशियनच ना? आणि स्वभावाने चिक्कू, लबाड, नाझी विचारांचे असतात हे खरंय का?

खारकिव्हला एमबीबीएससाठी साडेचार वर्षं होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

नाही, खरं नाहीये. 'खोखोल' ही शिवी मी तिथेच ऐकली, रशियनमध्ये युक्रेनियन माणसाला हिणवायला वापरतात, म्हणजे चिक्कू, आतल्या गाठीचा खेडवळ. मीही वापरलाय तो शब्द, आता लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी हॉस्टेल सोडून एका आजींकडे रूम घेतली. जेवण झालं की आजी टेबलावरचे ब्रेडचे कण तळहाताने गोळा करून तोंडात टाकायच्या. एकदा मी कडक झालेला अर्धा ब्रेड कचऱ्यात टाकला तर त्यांनी तो काढला, वरची कड कापून टाकली, बारीक काप करून ओव्हनमध्ये वाळवले आणि दारामागे टांगलेल्या कापडी पिशवीत भरले. एक शब्द बोलल्या नाहीत. मी मित्रांमध्ये हसलो, खोखोल म्हणून. मग नोव्हेंबरचा चौथा शनिवार आला, आजींनी खिडकीत मेणबत्ती लावली. होलोदोमोर. १९३२-३३ चा दुष्काळ, आणि तो पाऊस नव्हता म्हणून नाही, स्टालिनच्या सरकारने गावोगावचं धान्य उचलून नेलं म्हणून, शेतात पडलेली कणसं वेचली तरी दहा वर्षं तुरुंग नाहीतर गोळी असा ऑगस्ट १९३२ चा कायदाच होता, लाखो माणसं उपाशी मेली. आजींच्या आईची चारही भावंडं गेली. ब्रेड टाकायचा नाही हे त्या आईने शिकवलेलं. याला चिक्कूपणा म्हणायचं?

आमचे मामा फॉरवर्ड वाचून सांगतात तिकडे सगळे नाझी. अहो मामा, २०१९ ला त्याच लोकांनी ७३ टक्के मतं देऊन झेलेन्स्कीला निवडून दिलं, तो ज्यू आहे, रशियन बोलत वाढलाय. त्याच वर्षी संसदेला कट्टर उजवे एकत्र लढले आणि दोन टक्क्यांच्या आसपास अडकले, आत जायला पाच लागतात. आणि मुळात रशियनच म्हणाल तर १८६३ ला झारच्या मंत्र्याने अशी वेगळी भाषाच नाही म्हणत युक्रेनियनमधली धार्मिक आणि शिकवायची पुस्तकं छापणं बंद केलं. नसलेल्या भाषेवर बंदी कशाला लागते? आजी तर घरात रशियनच बोलायच्या, तरी १९९१ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला मत दिलं, ९० टक्क्यांवर लोकांनी दिलं.

सगळी देवमाणसं आहेत असं नाही हां. १९४३ ला व्होलिनमध्ये, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या भागात, युक्रेनियन बंडखोर सेनेने हजारो पोलिश गावकरी मारले, ते लपवायचं कारण नाही. आणि २०२२ ला सीमेकडच्या एका स्टेशनवर आम्हा भारतीय पोरांना डब्यातून खाली ढकललं, माझं कोपर फुटलं, त्याचा राग अजून जात नाही. पण निघताना आजींनी त्या पिशवीतले सगळे तुकडे माझ्या सॅकमध्ये ओतले होते, सीमेवरच्या रांगेत दोन रात्री आम्ही सहाजण त्यावरच होतो. त्या स्वतः आल्या नाहीत, तिथेच राहिल्या.