विचारा बिनधास्त: शाळेत शिरलेले पोलीस

प्रश्न (सांगली): ताई, '२१ जंप स्ट्रीट' बघितला. ड्रग्ज कोण विकतंय ते शोधायला पोलीस विद्यार्थी बनून शाळेत जातात इथवर ठीकाय, पण चॅनिंग टेटम कुठल्या अँगलने शाळेतला पोरगा वाटतो? कोणालाच डाउट कसा येत नाही?

उत्तर: अहो पटायला नकोच आहे ते! २०१२ ला पिक्चर आला तेव्हा टेटम आणि जोना हिल दोघंही तिशीच्या आसपास होते, आणि फिल लॉर्ड-ख्रिस्तोफर मिलर या दिग्दर्शक जोडीने ते लपवलेलंच नाही. २०१४ च्या दुसऱ्या भागात तर कॉलेजातली एक मुलगी हिलच्या वयावरून त्याला अशी धुते की बास. पण मला विचाराल तर मजा चेहऱ्यात नाहीच, मजा यात आहे की हे दोघं बाहेर पडल्यावर मधल्या काळात शाळाच बदललीय. जेन्को म्हणजे टेटम शाळेत असताना एकदम हिरो, त्यामुळे त्याला वाटतं दप्तर एकाच खांद्याला लटकवायचं, अभ्यासू पोरांची टर उडवायची की झालं, आणि इथे बघतो तर भारी पोरं दोन्ही पट्टे लावून फिरतायत, पर्यावरणावर बोलतायत, आणि भाव कोणाला तर श्मिटला म्हणजे हिलला, ज्याला आधी शाळेत कुत्रं विचारत नव्हतं. त्यात जेन्को स्वतःचं खोटं नावच विसरतो मग दोघांच्या ओळखी उलट्यापालट्या, श्मिट नाटकात आणि हा गडी केमिस्ट्रीच्या वरच्या वर्गात!! तिथल्या अभ्यासू पोरांशी त्याची जी गट्टी जमते ना, ती मला मारामारीपेक्षा जास्त आवडली.

प्रश्न (नाशिक): हायवेवरच्या पाठलागात टँकर का फुटत नाही?

उत्तर: कारण आपण सगळे तो फुटायचीच वाट बघत बसलेलो असतो. तो फुटत नाही, आणि मग कोंबड्यांचा ट्रक फुटतो. मी दोनदा रिवाइंड केलं.

प्रश्न (ठाणे): यात जॉनी डेप आहे म्हणतात, मला तर दिसला नाही.

उत्तर: बघितला नसेल त्यांनी पुढचं वाचू नका. याच नावाची टीव्ही मालिका फॉक्सवर १९८७ मध्ये सुरू झाली, १९९१ पर्यंत चालली, आणि त्यातला टॉम हॅन्सन हा तरुण पोलीस म्हणजे डेप, तिथूनच तो घराघरात पोचला. पिक्चरमध्ये तो आणि मालिकेतलाच पीटर डिलुईस बाइकवाल्या गुंडांच्या टोळीत वेष बदलून बसलेत, मेकअप उतरेपर्यंत कळत नाही, आणि कळेपर्यंत दोघांचा खेळ खल्लास. शेवटाकडे परत बघा.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगा तेरा वर्षांचा आहे, सोबत बघू का?

उत्तर: नको हो. अमेरिकेतच याला आर रेटिंग आहे, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही, आणि कॅप्टन झालेला आइस क्यूब तोंड उघडला की शिव्याच. त्यापेक्षा 'मैं हूँ ना' लावा, त्यातही शाहरुख मेजर असून दार्जिलिंगच्या कॉलेजात विद्यार्थी बनून जातो आणि तिथेही कोणाला डाउट येत नाही.