सोका संगीत कोणी सुरू केलं? त्यात भारतीय ताल आहेत हे खरं का?

हो, अगदी खरं. सोका म्हणजे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरचं नाचाचं संगीत. त्याचा जनक मानला जातो तो तिथलाच गायक लॉर्ड शॉर्टी, मूळ नाव गारफिल्ड ब्लॅकमन. जन्म १९४१चा, दक्षिण त्रिनिदादमधल्या लेंग्वा गावचा. माणूस चांगला सहा फुटांहून उंच, तरी नाव शॉर्टी!

लेंग्वाच्या आसपास ऊसमळ्यांवर भारतातून करारावर आलेल्या गिरमिटिया मजुरांची वस्ती होती. तो आफ्रिकी वंशाचा, पण ढोलक आणि धनताल ऐकतच मोठा झाला. धनताल म्हणजे लोखंडाची लांब सळई. ती उभी धरून घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तुकड्याने ठोकायची. तिचा तो खणखणीत ठेका एकदा ऐकाच, भजनातल्या झांजांची आठवण येते.

सत्तरच्या दशकात जमैकाच्या रेगे संगीतापुढे त्रिनिदादचं पारंपरिक कॅलिप्सो गाणं मागे पडेल अशी धास्ती होती. शॉर्टीने कॅलिप्सोत हे भारतीय ताल मिसळले. १९७३ साली त्याचं 'इंद्राणी' आलं, १९७४ साली 'एंडलेस व्हायब्रेशन्स'. टीकाही भरपूर झाली. सोकामधला 'का' आपल्या वर्णमालेतल्या 'क'वरून घेतला, असं तो सांगायचा. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

पुढे त्याने झगमगाट सोडला, कुटुंबासह पिपारोच्या रानात राहायला गेला आणि रास शॉर्टी आय हे नाव घेतलं. तिथे त्याने 'जामू' नावाचं भक्तिपर संगीत घडवलं. व्यसनांपासून मुलांना सावध करणारं 'वॉच आउट माय चिल्ड्रन' हे त्याचं गाणं त्याच काळातलं. २००० साली कर्करोगाने तो गेला.

ऐकायला सुरुवात 'एंडलेस व्हायब्रेशन्स'पासून करा.