एमपीआय (अनेक प्रोसेसनी आपसात निरोप पाठवण्याचं मानक) वापरणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी बदलली आणि सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्राम पडणं) आला?

आधी स्वतःच्या कोडवर संशय नको. बायनरीवर एलडीडी (कोणत्या लायब्ररी जोडल्या जातात ते दाखवणारी कमांड) चालव आणि एमपीआयची ओळ नीट बघ. एमपिच आणि ओपन-एमपीआय ही एमपीआयची दोन वेगळी रूपं; हेडर एमपिचचं, लायब्ररी ओपन-एमपीआयची, असं कडबोळं सर्रास सापडतं. एमपिचमध्ये कम्युनिकेटर (आपसात बोलणाऱ्या प्रोसेसचा गट) म्हणजे साधा पूर्णांक, ओपन-एमपीआयमध्ये पॉइंटर. मग सुरुवातीच्याच एखाद्या कॉलला प्रोग्राम कोसळतो. बिल्ड फोल्डर पूर्ण उडव. नुसतं मेक क्लीन पुरत नाही, सीमेकची (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाची) कॅश जुनेच पाथ धरून बसते.

तरीही पडला तर छोटी ग्रिड, २ प्रोसेस, आणि एमपीआयरन (प्रोसेस सुरू करणारी कमांड) व प्रोग्राम यांच्या मध्ये व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन). एमपीआयच्या पोटातल्या तक्रारींचा ढीग येईल, तो सोड. तुझ्या फाइलमधला पहिला 'इनव्हॅलिड राइट' (चुकीच्या जागी लिहिणं) पकड. काहीच नाही? ब्लास (मॅट्रिक्स-व्हेक्टरच्या गणिताची लायब्ररी) तपास: ३२ बिटी पूर्णांक ६४ बिटी पूर्णांकवाल्या ब्लासला दिला की वरच्या अर्ध्यात कचरा येतो.