वाचकांचे प्रश्न : चित्रकलेच्या तासाला न्याय

प्रश्न : मी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. समता आणि न्याय मुलांना चित्रांतून समजावेत म्हणून मी ‘समानता’ हा विषय दिला, तेव्हा जवळजवळ सर्वांनी पृथ्वीच्या गोलाभोवती हात धरून उभी असलेली मुलेच काढली. चित्रे देखणी होती, पण त्यांत मुलांचा स्वतःचा विचार दिसला नाही. माझे काय चुकले? तसेच प्रदर्शनासाठी चांगली चित्रे निवडणे योग्य ठरेल का?

उत्तर : ‘समानता’ हा शब्द मुलांनी भित्तिपत्रकांवर पाहिलेला असतो, त्यामुळे विषय मिळताच ती तेच भित्तिपत्रक पुन्हा काढतात. मात्र खेळात कोणाची पाळी चुकली, खाऊत कोणाला कमी वाटा आला, हे याच मुलांना तत्काळ कळते. म्हणून सुरुवात तिथून करावी. स्वतःवर किंवा आपल्यादेखत दुसऱ्यावर झालेला एखादा अन्याय तीन चौकटींत काढायला सांगावा आणि तिसऱ्या चौकटीत काय व्हायला हवे होते ते दाखवायला सांगावे.

यापेक्षा खोलवर जाणारा प्रयोग साहित्याच्या वाटपाचा आहे. सर्व गटांना एकच विषय द्यावा, समजा पूल. पण एका गटाला रंगांची पूर्ण पेटी, जाड पुठ्ठा, कात्री आणि डिंक, तर दुसऱ्याला दोनच खडू आणि पाठकोरे कागद. पंधरा मिनिटांनी काम थांबवून आधी कमी मिळालेल्यांना बोलू द्यावे. माझा अनुभव असा आहे की ज्यांना भरपूर मिळालेले असते, त्यांचे आपल्याला जास्त मिळाले आहे याकडे लक्षच गेलेले नसते आणि आपला पूल चांगला झाला तो आपण नीट काम केल्यामुळे, असे ती मुले अगदी मनापासून सांगतात. ती चर्चा घाईने संपवू नये. त्यानंतर उरलेल्या वेळात साहित्याचे वाटप मुलांनीच नव्याने ठरवावे. कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे आणि ज्या मुलाच्या घरी खरोखरच ओढाताण आहे, त्याची परिस्थिती या खेळात उघडी पडणार नाही याची काळजी घ्यावी. तशी शंका असल्यास हा प्रयोग करूच नये.

वाटप करताना मुले बहुधा ‘सगळ्यांना सारखे’ असा नियम करतात. तेव्हा वर्गातील डावखुऱ्या मुलांकडे लक्ष वेधावे. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते, पाती एकमेकींपासून फाकतात आणि कागद कापला न जाता दुमडतो. सर्वांना एकसारखी कात्री देणे म्हणजे सारखे वाटप झाले, तरी ते न्याय्य झाले का, हा प्रश्न मुलांना लगेच समजतो.

रंगपेटीतही असा एक प्रश्न दडलेला असतो. फिकट गुलाबी खडूला मुले सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात. क्रेयोला या अमेरिकी कंपनीने अशाच खडूचे ‘फ्लेश’ हे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केले आणि 2020 मध्ये त्वचेच्या 24 छटांची वेगळी पेटी काढली. ही हकिगत सांगून प्रत्येकाला तपकिरी, पिवळा, लाल आणि पांढरा रंग मिसळून स्वतःच्या हाताशी जुळणारी छटा तयार करायला सांगावी. तिला नाव मुलानेच द्यावे.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. गरिबांची किंवा अपंगांची केविलवाणी चित्रे काढून घेतल्याने मुलांना दया दाखवण्याची सवय लागते आणि चित्रातली माणसेही वर्गात असू शकतात, याचा विसर पडतो.

प्रदर्शनासाठी आपण निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील तेराव्या कलमाने मुलांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात कलेचा नावानिशी समावेश केला आहे, तेव्हा कोणते चित्र लावायचे आणि ते लावायचे की नाही, हे त्या मुलालाच ठरवू द्यावे. प्रत्येकाचे एक चित्र, सारख्याच आकाराच्या जागेत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे, आणि अन्यायाच्या प्रसंगाची चित्रे ज्यांना दाखवायची नसतील त्यांची चित्रे कारण न विचारता परत द्यावीत.