वाचक विचारतात : न मरणाऱ्यांची देखभाल

जपानी विज्ञान-ॲनिमेतल्या अमरत्वाबद्दल आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : चवथीच्या सुटीत घरी बघण्यासारखं काही सुचवा. मुलगी बारा वर्षांची आहे आणि लांबलचक मालिकेला वेळ नाही. (एक वाचक, फोंडा)

'गॅलक्सी एक्स्प्रेस ९९९' बघा, पण १९७९चा चित्रपट. लेजी मात्सुमोतो यांच्या मांगावरची (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) मालिका ११३ भागांची आहे. रिंतारो यांचा चित्रपट साधारण दोन तास दहा मिनिटांत आटोपतो. त्यात यांत्रिक शरीर म्हणजे न मरण्याची सोय. श्रीमंतांनी ती विकत घेतली आहे आणि ते गंमत म्हणून साध्या माणसांची शिकार करतात. कथेचा नायक, तेत्सुरो नावाचा मुलगा, त्याच्या आईचा जीव असाच जातो. तो प्रसंग लवकर येतो, तेव्हा मुलीबरोबर बसा. अंतराळातून धावणाऱ्या रेल्वेगाडीत, म्हणजे '९९९'मध्ये, काम करणाऱ्या क्लेअरकडे नीट पाहा. तिचं शरीर काचेचं आहे आणि आपलं हाडामांसाचं शरीर परत मिळवायचं म्हणून ती नोकरी करते आहे. अमरत्वातून सुटण्यासाठी पैसे साठवणारं पात्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

'घोस्ट इन द शेल' हा चित्रपट मात्र इतक्यात मुलीला दाखवू नका. रक्तपात आहे, नग्नताही आहे.

प्रश्न : त्याच 'घोस्ट इन द शेल'मधला पपेट मास्टर म्हणजे निव्वळ माहिती. हव्या तेवढ्या प्रती काढता येतील. मग यांत्रिक शरीराच्या नायिकेशी, मोतोकोशी, एकरूप व्हायची त्याला गरज काय? (एक वाचक, डिचोली)

प्रत म्हणजे संतती नव्हे, म्हणून. सगळ्या प्रती हुबेहूब असल्या की एकच विषाणू सगळ्यांना संपवतो, हे कारण तो स्वतःच देतो. एकाच झाडाची कलमं लावलेल्या काजूच्या बागेत रोग शिरावा तसं. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत : आपल्यापेक्षा वेगळी निघणारी संतती आणि मरण. मरण मागणारा खलनायक आहे हे ध्यानात आलं नाही तर शेवटची वीस मिनिटं नुसती बडबड वाटतात.

पुष्कळ जण 'यंत्राला आत्मा असतो का' या प्रश्नातच अडकून पडतात. मामोरू ओशी यांचा हा १९९५चा चित्रपट त्याहून रोखठोक आहे. होडीवरचा प्रसंग पुन्हा लावून पाहा. मोतोको समुद्रात बुडी मारते. तिचं शरीर इतकं जड की वर आणणारे फुगे चालले नाहीत तर ती सरळ तळाला जाईल. त्याच संभाषणात कळतं की नोकरी सोडली तर हे शरीर सरकारला परत करावं लागेल. म्हणजे न झिजणारा देह आहे, पण तो मालकीचा नाही. आणि कचरागाडीवरचा तो माणूस : बायको-मुलीच्या आठवणी बाहेरून घातलेल्या, हातातल्या फोटोत मुलगी नाहीच. आत्म्यावरच्या चर्चेपेक्षा हे दोन प्रसंग जास्त सांगतात.

प्रश्न : 'लँड ऑफ द लस्ट्रस'मधली माणसांच्या रूपातली रत्नं फुटली तरी मरत नाहीत. मग धोका कसला? (एक वाचक, म्हापसा)

धोका विसरण्याचा. १२ भागांची ही २०१७ची मालिका हारुको इचिकावा यांच्या मांगावर आहे. फुटलेले तुकडे गोळा करायचे, जोडणीचा क्रम लावायचा, चिकटवायचे, वरून पांढरी पूड फासायची, की रत्न उठून उभं राहतं. त्यांच्या शरीरात सूक्ष्मजीव असतात, ते उजेडावर जगतात आणि रत्नांना चालतं ठेवतात. म्हणून तर हिवाळ्यात ऊन कमी झालं की जवळजवळ सगळे झोपी जातात. एवढं सगळं ठीक. पण तुकडा हरवला तर त्यातली आठवणही जाते, आणि त्या जागी दुसरं काही बसवलं तरी ती परत येत नाही. मुख्य पात्र असलेल्या फॉस या रत्नाचे आधी पाय जातात, मग हात. प्रत्येक वेळी नवा भाग जुन्यापेक्षा सरस असतो. इथेच खरी मेख आहे : तो अधिक कामाचा होत जातो आणि फॉस कमी कमी उरतो.

कठीणपणा आणि चिवटपणा यांत गल्लत करू नका, नाहीतर लढाया उलट्या वाटतील. दहाच्या मापावर फॉसचा कठीणपणा साडेतीन, हिऱ्याचा १०. पण हिऱ्याला ठरावीक दिशांनी चिरण्याचा गुण असतो, खऱ्या हिऱ्यालाही. म्हणून हिऱ्याची डाया तडकते आणि काळ्या हिऱ्याचा बॉर्ट टिकतो.

प्रश्न : तेझुकांच्या 'फिनिक्स'मधला अमर माणूस म्हणजे आपला अश्वत्थामाच की! (एक वाचक, मडगाव)

नाही. अश्वत्थाम्याला शाप आहे, आणि त्यामागे त्याचं कृत्य आहे. 'भविष्य' या भागातल्या मासातोने असं काही केलेलं नाही. माणूसजात संपल्यावर जीवसृष्टी पुन्हा उगवेपर्यंत वाट बघण्याचं काम त्याच्यावर येतं. शरीर विरून जातं, वाट बघणं संपत नाही. ओसामु तेझुका यांनी ही मांगा १९५४ ते १९८८ अशी टप्प्याटप्प्याने काढली आणि १९८९मध्ये ते गेले. ती अपुरीच राहिली.

प्रश्न : गावच्या वाचनालयात '९९९' दाखवून चर्चा घ्यायची आहे. काय तयारी लागेल? (एक वाचक, साखळी)

सगळ्यात आधी हक्कधारकाची परवानगी. घरचं सबस्क्रिप्शन जाहीर खेळाला चालत नाही. आवाज जपानीच ठेवा. मराठी उपशीर्षकं मिळणं कठीण, म्हणून पात्रांची नावं आणि कथेचा सारांश एका पानावर छापून वाटा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी; उपशीर्षकं तळाला असतात आणि पुढच्यांची डोकी ती झाकतात. कौलांवर पाऊस वाजू लागला की लॅपटॉपचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, वेगळे स्पीकर लावा. वीज गेली तर प्रोजेक्टर तापलेला असतानाच पंखा थांबतो, म्हणून तो यूपीएसवर ठेवा.

प्लुटोचा प्रसंग, जिथे लोकांनी टाकून दिलेली शरीरं बर्फाखाली पडलेली दिसतात, तिथे मध्यंतर घ्या. चर्चेला 'अमर व्हायला आवडेल का' असं विचारू नका. सगळे 'नको' म्हणतात आणि पाच मिनिटांत चहा येतो. त्याऐवजी विचारा : यांत्रिक शरीर हप्त्यांवर मिळालं आणि एक हप्ता चुकला, तर जप्ती कशाची होणार?