विचारा की! : सरळमार्गी माणूस आणि खून

प्रश्न : ताई, नमस्कार. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हमध्ये हिचकॉकचा ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ पाहिला होता. आता पॅट्रिशिया हायस्मिथची मूळ कादंबरी वाचली आणि चक्रावलो. आगगाडीत भेटलेला ब्रूनो नायकाला, म्हणजे गाय नावाच्या माणसाला, सुचवतो, मी तुझ्या बायकोला मारतो, तू माझ्या वडिलांना मार. सिनेमातला गाय हे करत नाही, पुस्तकातला मात्र करतो! शिकलेला, सरळमार्गी माणूस असं करेल? मला तरी ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं.
– निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड

उत्तर : ओढूनताणून? अहो, पुस्तकाचा जीवच त्यात आहे. कादंबरी 1950ची, हायस्मिथबाईंची पहिलीच. सिनेमा आला 1951 साली. हिचकॉकनी आर्किटेक्ट गायचा टेनिसपटू केला आणि त्याचे हात स्वच्छ ठेवले. नायकानं खून करून पचवावा, हे तेव्हाच्या हॉलिवूडच्या सेन्सॉरला चाललं नसतं.

तुम्ही खुनाच्या रात्रीकडे बघताय. जरा मागची पानं चाळा. गायच्या बायकोचा, मिरियमचा, जत्रेत गळा दाबला जातो, मग ब्रूनोची पत्रं यायला लागतात आणि गायच्या मनात पाल चुकचुकते. तेव्हाच पोलिसांत जायचं की! पण ॲनशी लग्न व्हायचंय, कामं मिळायला लागली आहेत. शिवाय मिरियम गेल्याचं त्याला म्हणावं तसं दुःख झालेलं नाही, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून गप्प. मग पत्रांमागून पत्रं, धमक्या, ब्रूनोच्या वडिलांच्या घराचा नकाशासुद्धा. आर्किटेक्टला नकाशा! मला तिथे आधी हसू आलं, नंतर ते जिरलं. जितके दिवस गप्प बसला, तितकं बोलणं महाग होत गेलं. कारण आता ‘इतके दिवस का नाही सांगितलंस?’ याचंही उत्तर द्यायला हवं. तुम्ही बँकेत होतात. कॅशमधली तफावत त्याच दिवशी सांगणं आणि महिन्याभरानं सांगणं यातला फरक मी तुम्हाला काय सांगू?

आणि ‘सरळमार्गी माणूस असं करेल?’ हा प्रश्न पुण्यात विचारला की मी जरा अडखळते. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण झालं, 1976-77 साली, तेव्हा मी नारायण पेठेत नवी सून होते. दिवेलागणीनंतर दार वाजलं तर सासूबाई आतून तीनदा नाव विचारायच्या, मग साखळी न काढता फटीतून बघायच्या. एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्यालाही तसंच ताटकळत ठेवलं. पुढे कळलं, मारेकरी कलामहाविद्यालयातली मुलं. ती पकडली गेल्यावर आमच्या वाड्यात भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. बाहेरचा दरोडेखोर निघाला असता तर बायका सुटकेचा श्वास टाकून मोकळ्या झाल्या असत्या. अर्थात, त्यांना गायच्या पंगतीला बसवू नका. ती मुलं लुटीसाठी मारत गेली, एका घरावर थांबली नाहीत. गायला त्या खुनातून काही मिळवायचं नव्हतं, आणि पुढे त्याचं मन त्याला जगू देत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. शेवटी गायची कबुली डिटेक्टिव्ह जेरार्ड टेलिफोनवरून ऐकतो, हे फारच सोयीचं झालं. पण कबुली कुणापुढे, तर मिरियमच्या प्रियकरापुढे. आणि त्या गृहस्थाला त्याचं सुतकच नाही! ते पान पुन्हा वाचा. गाय धडपडून शिक्षा मागतोय आणि समोरच्याला त्यात रसच नाही. खुनाच्या प्रसंगापेक्षा मला तेच जड गेलं.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. हीच कादंबरी मागते आहे. देऊ का? तिला आधी सिनेमा दाखवावा का?
– एक आई, सहकारनगर

उत्तर : द्या की. रक्तपात फार नाही, मनस्ताप भरपूर आहे, आणि अकरावीतल्या मुलींना तो झेपतो. सिनेमा नंतर दाखवा. आधी दाखवलात तर रॉबर्ट वॉकरचा ब्रूनो डोक्यात इतका पक्का बसतो की पुस्तकातला दारुडा, आईवेडा ब्रूनो मग दिसतच नाही. मधला भाग रेंगाळतो, तिथे ती कंटाळली तर रागावू नका. मीही तिथे पानं उलटली होती. आणि हो, वरचं उत्तर तिच्या हाती लागू देऊ नका, सगळं फोडून ठेवलंय. पान फाडून मग अंक द्या.