बडोद्याहून लेखन शिकायला निघालेल्या एकीला

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. झालात, दांडिया बाजारात राहता, शाळेत शिकवता, मराठीत कथा लिहिता आणि आता अमेरिकेत जाऊन सर्जनशील लेखनाची एमएफए ही पदवी घ्यावी की नाही, घ्यायची तर सहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावे की आजीजवळ ठेवावे, हे तुम्हाला ठरवायचे आहे. उत्तर चार ओळींत देता आले असते. परंतु २००८ साली मी याच शहरातून, साधारण याच वयात, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन याच अभ्यासक्रमाला गेले होते, त्यामुळे चार ओळी मला पुरणार नाहीत.

व्हिसाचे टप्पे आणि इंग्रजीच्या परीक्षा याबद्दल मी काही सांगत नाही, ते सर्वत्र लिहिलेले आहे. पैशांबद्दल मात्र एकच सांगते: पदरचे पैसे घालून किंवा कर्ज काढून एमएफए करू नका. अमेरिकेत फी माफ करून वर विद्यावेतन देणारे अनेक अभ्यासक्रम आहेत आणि त्याबदल्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवावे लागते. तेथे प्रवेश मिळाला तर जावे, नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. प्रवेश ठरतो तो मुख्यतः पंचवीस-तीस पानांच्या कथालेखनावर. गुणांकडे त्या मानाने कमी पाहिले जाते. पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी दोन वर्षांची वाढ आपल्याला मिळत नाही. तुमच्या यजमानांना तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर नोकरी करता येणार नाही. इंग्लंडचा विचार मुलीमुळे जवळजवळ बाद होतो. नॉर्विचच्या विद्यापीठात १९७० पासून चालत आलेला एम.ए. एका वर्षात होतो आणि त्याचे नावही मोठे आहे, परंतु जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांच्या परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही.

कागदपत्रांत माझे चार महिने गेले ते नावापायी. गुजरातेतल्या पद्धतीप्रमाणे माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव होते, आणि पासपोर्टावर लग्नानंतरचे नाव होते. तिकडच्या कचेरीने मार्कशीटवरचा पहिला शब्द हेच माझे नाव असे धरले. त्या दोघी बायका एकच आहेत असे मी स्टँपपेपरवर, नोटरीसमोर, तीन वेळा लिहून दिले; दोनदा ते परत आले आणि तिसऱ्यांदा चालले. एकही शब्द न बदलता स्वीकारले गेलेले माझे ते पहिले इंग्रजी लेखन. तरीही पहिल्या सत्राच्या यादीत मी माझ्या वडिलांच्या आडनावानेच होते आणि वर्गातली सगळी मुले मला त्याच नावाने हाक मारीत. तुम्ही हे काम आजच सुरू करा.

आता मूळ मुद्दा. हे शिक्षण म्हणजे नेमके काय, याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. बडोद्यात हा विषय निघाला की कोणीतरी कवी दिलीप चित्र्यांचे नाव काढते. चित्रे १९३८ साली बडोद्यातच जन्मले आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गेले हे खरे आहे, पण ते गेले १९६७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात. तेथे लेखक म्हणून आधीच ओळख असलेल्या माणसाला पाहुणा म्हणून बोलावतात. तुम्ही जे म्हणता आहात ते वेगळे. त्याच विद्यापीठात १९३६ पासून चाललेल्या लेखन-कार्यशाळेच्या नमुन्यावर पुढे जे पदवी-अभ्यासक्रम निघाले, त्यांपैकी एक. तेथे पाहुणचार नसतो. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात, तुमची कथा सर्वांनी आठवडाभर आधी वाचलेली असते, प्रत्येकाने समासात खुणा केलेल्या असतात, आणि पाऊण तास ते सगळे आपसांत तुमच्या कथेविषयी बोलतात. त्या वेळात लेखकाने तोंड उघडायचे नसते. अलीकडे काही ठिकाणी हा नियम सैल झाला आहे. माझ्या वेळी तो कडक होता.

ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे कथावाचन झाले की कोणी ‘ओघवती आहे’ म्हणतो, कोणी ‘शेवट छान’ म्हणतो आणि सगळे चहाकडे वळतात. तिसऱ्या पानावर वाचक कंटाळला, हे मला बडोद्यात कोणीही सांगितले नव्हते. तेथे बारापैकी नऊ जणांनी त्याच परिच्छेदाच्या समासात रेघ मारली होती. एवढ्यासाठी जावे, असे मी आजही म्हणेन.

परंतु माझ्या दुसऱ्या कथेचे काय झाले ते ऐका. कथा रावपुऱ्यातल्या एका घरातली होती आणि त्यातली सासू माझ्या आजीवरून घेतलेली होती. आजी माझ्या आईला रोज ‘अगं’ म्हणत असे. बिनसले की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे आणि ती आईला अहोजाहो करू लागे. ‘तुम्ही बसा, तुम्ही जेवून घ्या, आमचं काय.’ त्या एका ‘तुम्ही’ने आईचे हातपाय गळत. तीच बाई दारावरच्या भाजीवालीशी गुजरातीत बोलताना मनमोकळी हसे. आता हे इंग्रजीत कसे लिहायचे? तेथे तू आणि तुम्ही यांना एकच शब्द, आणि मराठी व गुजराती दोन्ही एकाच इंग्रजीत वाहून गेलेल्या. वर्गात सर्वांचे म्हणणे पडले की सासू रागावली आहे हे कळतच नाही, तिचा राग काहीतरी करताना दिसला पाहिजे. कोणीतरी सुचवले की तिने भांडे आपटावे. मी गप्प होते, नियमच तसा होता. घरी आले आणि रात्री अकरा वाजता मी माझ्या आजीला पितळी पातेले ओट्यावर आपटायला लावले.

कथा उत्तम झाली असे सर्वांचे मत पडले. एका छोट्या नियतकालिकाने ती छापली. आजीने आयुष्यात कधी भांडे आपटले नव्हते. पातेल्याला पोचा पडला तर ती आठवडाभर हळहळली असती. तो अंक मी आईला कधी पाठवला नाही.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा मुलीच्या शाळेचे सविस्तर लिहिते. प्रवेशाच्या वेळी शाळा पालकांकडून एक फॉर्म भरून घेते. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलू लागले, घरी कोणती बोलता, अशा थाटाचे तीन प्रश्न माझ्या फॉर्मवर होते. मी तिन्ही जागी मोठ्या अक्षरांत मराठी लिहिले आणि मला त्याचा अभिमान वाटला. असे लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. माझा मुलगा बडोद्यात दोन वर्षे इंग्रजी माध्यमात शिकला होता, पण अनोळखी माणसाशी बोलायचे नाही हे त्याला आम्हीच शिकवले होते, आणि त्या खोलीत समोर बसलेली बाई अनोळखी होती. त्याने बहुतेक प्रश्नांना उत्तरच दिले नाही. मग रोज अर्धा तास त्याला वर्गातून उठवून जिन्याजवळच्या लहान खोलीत नेऊ लागले. वर्गात बाई मुलांना गोष्ट वाचून दाखवीत ती वेळ नेमकी तीच. मी दोनदा भेटून आले, पण पुढची चाचणी वर्षातून एकदाच होते असे उत्तर मिळाले. दोन वर्षे हे चालले. त्याच दोन वर्षांत, सकाळी आठच्या तासाला, मी अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलांना इंग्रजी लिहायला शिकवत होते आणि तिसऱ्या प्रहरी कथा कशी सांगावी याचे शिक्षण घेत होते.

अशी जादा शिकवणी नाकारण्याचा पालकांना हक्क असतो. मला हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तुम्ही विचारा. शिकवणी घ्यायची ठरलीच तर मुलीला कोणत्या तासातून उठवणार हेही विचारा.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही गाव बदलले. नव्या शाळेत तोच फॉर्म आला. या वेळी मी तिन्ही जागी इंग्रजी लिहिले. मुलगा शेजारच्या खुर्चीवर होता, आठ वर्षांचा झाला होता, चांगले वाचत होता. त्याने फॉर्म वाचला आणि माझ्याकडे पाहिले. मी कागद उलटा करून ठेवला.

त्या फॉर्ममुळे त्याचे मराठी गेले असे मी म्हणत नाही. मुले भाषा आपापल्या कारणांनी सोडतात. त्याला आजही सगळे समजते, आणि फोनवर तो माझ्या वडिलांना ‘आजोबा, तू जेवलास का?’ असे विचारतो. वडील म्हणतात, ‘जेवलो रे.’ त्या ‘तू’बद्दल त्यांनी मला कधी काही म्हटले नाही, आईला मात्र म्हटले.

एकटेपणाविषयी तुम्ही तीन वेळा विचारले आहे. असतो. फेब्रुवारीत जास्त असतो. शिकवायचे तास, मुलाचा डबा आणि तपासायचे निबंध यांत त्याच्याकडे पाहायला सवड मिळत नाही.

मी पदवी घेतली, पुस्तक झाले नाही, सध्या दोन कॉलेजांत तासांवर शिकवते. पातेल्याच्या कथेनंतर मराठीत लिहून पाहिले तेव्हा माझी माणसे मराठीतही भांडी आपटू लागली होती, खिडकीबाहेर पाहू लागली होती, दाराच्या कडीशी चाळा करू लागली होती. बोलत नव्हती. ते माझे झाले, तुमचे तसेच होईल असे नाही. आधी मराठीत लिहून मग स्वतःच इंग्रजीत आणणारे लोक असतात, आणि काही अभ्यासक्रमांत अनुवादाचाही वर्ग असतो. मी त्याकडे फिरकले नाही, कारण तेव्हा मला अनुवादक म्हणवून घ्यायचे नव्हते. तुम्ही अर्ज करताना अनुवादाचा वर्ग आहे अशीच ठिकाणे शोधा.

बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि विद्यावेतनासह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. म्हणजे कथेवर काम करायला तुमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. अर्जाबरोबर जोडणार आहात ती कथा मला पाठवा, इंग्रजी नको, मूळ मराठीच पाठवा. समासात मी खुणा करीन. कोणी मराठी हस्तलिखित मला वाचायला दिल्याला सतरा वर्षे झाली, तेव्हा उत्तराला थोडा उशीर झाला तर समजून घ्या.